मिठाच्या पाण्यातल्या गोगलगायी

“मिठानं गोगलगाय मरती, हे ल्हान लेकराला बी ठाऊक हाय. अन् ही बाई मिठाच्या पाण्यात पाळायलीय.”

पप्पांच्या दवाखान्यात दात दाखवायला आलेल्या एका शेतकऱ्यानं हे शेजारी बसलेल्या बायकोला सांगितलं. त्याला ते हळूच सांगायचं असावं, पण गाल सुजल्यामुळं आवाजाचा अंदाज चुकला होता. मी त्यांच्याकडे पाठ करून माशांच्या टाकीपुढं गुडघ्यांवर बसले होते. फरशीवर बादली, बादलीत पुण्याहून आलेल्या बारा गोगलगायी, आणि टाकीतलं खारं पाणी बारीक नळीतून थेंब थेंब त्या बादलीत पडत होतं. नव्या पाण्यात एकदम सोडल्या तर त्या दगावतात, म्हणून दोन तास असे थेंब सोडावे लागतात. मला ते काम आवडायचं. थेंब मोजत बसलं की कुणाकडे बघावं लागत नाही.

“गेल्या पावसाळ्यात आपल्या सोयाबीनमधून पाच बादल्या निघाल्या की,” बायको म्हणाली. “ह्यांनी सांगितलं असतं तर फुकट आणून दिल्या असत्या.”

“इंग्लिश मिडियमची हाय ती. तिला फुकटचं चालत न्हाय.”

बाकावरची आणखी दोघं हसली. हसू मलाही आलं होतं, पण मी वळले नाही. शेतातल्या गोगलगायीच्या अंगातलं पाणी मीठ ओढून घेतं म्हणून ती मरते, समुद्रातली मुळात खाऱ्या पाण्याचीच असते, एवढं साधं उत्तर होतं. ते माझ्या डोक्यात इंग्रजीत तयारही होतं. मराठीत जुळवेपर्यंत त्यांचा नंबर पुकारला गेला आणि ती दोघं आत गेली.

ती बाहेर आल्यावर त्यांच्यामागं पप्पाही आले. हातमोजे काढता काढता त्यांनी टाकीकडे पाहिलं. काचेला हिरवा थर होता. दगडांवर शेवाळाच्या लांब बटा वाढून पाण्याबरोबर हलत होत्या. प्रवाळांची जांभळी तोंडं त्यात कुठंतरी बुडून गेली होती.

“दातांचा दवाखाना आहे हा,” पप्पा म्हणाले. “लोकांना मी सांगणार, दात स्वच्छ ठेवा, आणि त्यांच्या समोर हे. पंधरा दिवस बघतो. दोन रविवार. नाही साफ झालं तर सोलापूरच्या त्या माणसाला बोलावतो. मासे, दगड, सगळं घेऊन जाईल. तिथं टीव्ही लावू.”

मी मान हलवली. पप्पांना वाटलं, मी हो म्हणाले.

जळकोटसारख्या हायवेवरच्या गावात समुद्राची टाकी कशी आली, असं नवीन पेशंट हमखास विचारतात. ती माझ्या मोठ्या भावानं आणली. घरून काम करायची मुभा होती त्या काळात त्याला कंटाळा आला आणि त्यानं दवाखान्याच्या वेटिंगमध्ये चार फुटांची टाकी बसवली. मीठ, दगड, प्रवाळ, दोन केशरी पट्टेवाले मासे, एक निळा. पुढं त्याला परदेशात नोकरी लागली. जाताना तो टाकी कशी सांभाळायची ते लिहिलेली एक वही माझ्या हातात देऊन गेला. त्याच सुमारास मी पुण्याहून बीएस्सी करून परत आले होते. दोन इंटरव्ह्यू दिले होते आणि दोन्हीकडे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बसमध्ये बसल्यावर आठवली होती. घरी “आता पुढं काय?” असं कुणी विचारत नव्हतं, कारण माझ्याकडे टाकी होती. पाहुण्यांना आई सांगायची, “सध्या ती ते मासे बघते.” टाकी गेली असती तर तिच्या जागी टीव्हीच्या आधी तो प्रश्न येऊन बसला असता. पंधरा दिवस मला त्याचीच धास्ती होती.

शेवाळ प्रत्येक टाकीत येतं. त्याला मारायचं औषध मिळतं, पण प्रवाळांची टाकी असेल तर जाणती माणसं औषध टाळतात आणि शेवाळ खाणारे जीव सोडतात. त्या सगळ्यांना मिळून इंग्रजीत क्लीनअप क्रू म्हणतात. पप्पा म्हणायचे, “ग्रामपंचायतीचे सफाई कामगार आले का हजेरीला?” प्रत्येकाचं काम वेगळं. मोठ्या टर्बो गोगलगायी काच आणि दगड खरवडतात. त्या ताकदीच्या, पण उलट्या पडल्या की त्यांना सरळ होता येत नाही, कुणीतरी हात घालून सरळ करावं लागतं. छोट्या, टोकदार शंखांच्या गोगलगायी सांदीकोपऱ्यात शिरतात. रिकाम्या शंखात राहणारे खेकडे दगडांवरचं शेवाळ चिमट्यानं उपटून खातात, आणि सांडलेलं उष्टंही खातात. काट्यांचा एक काळा गोळा आहे, सी अर्चिन, तो जिथून जातो तिथं दगडावर पांढरी वाट उमटते. आणि काही गोगलगायी वाळूत पुरलेल्या असतात. त्या शेवाळ खातच नाहीत. पाण्यात अन्नाचा वास आला की वाळूतून सोंडा वर काढून बाहेर येतात, उष्टं संपवतात आणि परत गडप होतात.

मार्चपर्यंत एवढ्या मंडळींनी दगड साफ ठेवले होते. एप्रिल संपता संपता काहीतरी बिघडलं. मी भावाच्या वहीतलं सगळं करून पाहिलं. दिव्याचे तास कमी केले. आठवड्याला एक बादली पाणी बदलायचे ते दोन बदलू लागले. बोअरचं पाणी तर कधीच वापरत नव्हते, आरओचंच. माशांचं खाणं एका चिमटीवर आणलं, इतकं की निळा मासा मी दिसले की काचेवर आपटायचा. नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले की रंग फिका गुलाबी यायला हवा होता, तो रोज जांभळाच्या सरबतासारखा यायचा. पाण्यात कुजणारं काहीतरी होतं. मला वाटलं, खडकामागं कुणी मेलं असेल. मी माणसं मोजावीत तशा गोगलगायी मोजल्या. सगळ्या होत्या.

म्हणून मी आणखी मागवल्या. त्या बारा गोगलगायी त्यासाठीच होत्या. आठ दिवसांत त्यांनी समोरची काच अर्धी खरवडली. मागचे दगड मात्र आधीपेक्षा जास्त हिरवे झाले.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. मी साडेदहाला दवाखान्यात जायचे, तेव्हा वाळूतल्या गोगलगायी वाळूच्या वर असायच्या. मी तर अजून काही टाकलेलं नसायचं. आणि शंखातले खेकडे, एरवी चार दिशांना चार, ते सगळे डाव्या कोपऱ्यात दगडामागं गर्दी करून असायचे, रेशनच्या दुकानापुढं असतात तसे. मी ते पाहिलं होतं, पण त्यावर विचार केला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी सकाळी लाईट गेली. मे महिना, बंद खोली. पंखा आणि मोटर बंद पडली तर टाकीचं पाणी तापतं, आणि इन्व्हर्टर जुना झालेला. मी नऊलाच निघाले आणि मागच्या दारानं आत आले. टाकी दोन खोल्यांमधल्या भिंतीतल्या खिडकीत बसवलेली, त्यामुळं मागच्या खोलीतून वेटिंग दिसतं ते टाकीच्या आरपार. त्या हिरव्या पाण्यापलीकडे मला मामांचा चेहरा दिसला.

मामा म्हणजे दवाखान्याचे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणतात, पप्पाही. माझ्या जन्माच्या आधीपासून ते पप्पांकडे आहेत. सकाळी दवाखाना उघडतात, झाडतात, उदबत्ती लावतात, नंबर पुकारतात, कवळ्यांचे साचे धुतात. आता त्यांना एका डोळ्यानं कमी दिसतं. ते टाकीसमोर उभे होते, चपला काढून. डाव्या हातात स्टीलची डबी. उजव्या हाताच्या दोन बोटांत कणकेची गोळी वळत होते, हरभऱ्याएवढी. ओठ हलत होते. गोळी पाण्यात सोडली. केशरी मासा आला, त्यानं ती तोंडात घेतली आणि थुंकली. गोळी फिरत फिरत डाव्या दगडामागं पडली. खेकडे निघाले. मामांनी दुसरी गोळी वळली.

मी दार लोटलं तसा आवाज झाला. मामा दचकले नाहीत. चोरी करत नव्हतेच ते.

“आज लवकर आलाव, ताई?”

“मामा, हे काय टाकताय?”

“कणीक. गूळ अन् हळद घातलेली.” त्यांनी डबी माझ्यापुढं धरली, प्रसाद धरावा तशी. “सव्वा महिना घालायची हाय. आज सत्तावीस दिवस झाले.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, हे मला माहीत होतं. ती माझ्याच वयाची. याआधी दोनदा सहाव्या महिन्यात तिचं लेकरू गेलं होतं, हेही माहीत होतं. नळदुर्गच्या एका जाणत्या माणसानं मामांना सांगितलं होतं की सव्वा महिना रोज आंघोळ करून माशांना कणीक घाला, मधे दिवस चुकवू नका. उन्हाळ्यात गावातली बारव कोरडी, ओढा कोरडा, आणि नळदुर्गच्या धरणावर रोज जायला मामांकडे गाडी नाही. “मासा कुठून आणू?” मामा म्हणाले. “मंग ध्यानात आलं, आपल्याकडं तर समुद्र हाय. आन् हे मासे कुणी पकडून खाणार बी न्हाईत.”

मी डबीतल्या कणकेकडे बघत होते.

“साहेबांना सांगितलं न्हाय. ते असल्याला हसतेत. पण तुम्हाला इचारलं होतं मी. मागं एकदा इचारलं न्हवतं का, हे मासे काय काय खातेत? तुम्हीच म्हणलाव, सगळं खातात.”

आणि मला आठवलं. मी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून उलटी पडलेली गोगलगाय काढत होते. मामा मागं उभे राहून विचारत होते. मला बोलायचं नव्हतं. एका शब्दात प्रश्न मिटावा म्हणून मी म्हणाले होते, “सगळं.” एरवी माझं कुणी एवढं मनावर घेत नाही.

“काल सातवा लागला तिला,” मामा म्हणाले आणि तिसरी गोळी वळायला लागले.

लाईट आली. मोटर घुरघुरली.  मामा पाणी भरायला मागं गेल्यावर मी नळी घालून दगडामागची कणीक ओढून काढली. तळाशी राखाडी, बुळबुळीत थर साचला होता, सत्तावीस दिवसांचा. त्याचा वास बोटांना दुपारपर्यंत होता. मामा परत यायच्या आत मी ती बादली मोरीत ओतली. आपण एखाद्याच्या देव्हाऱ्यातलं फूल उचलून फेकतोय असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी दगड किती खराब झालेत याचा रागही येत होता. खेकड्यांचाही राग आला. रोज सकाळी आयती गुळाची कणीक मिळत असल्यावर ते शेवाळ कशाला खातील?

दोन दिवस हेच चाललं. सकाळी मामा कणीक घालायचे, मी आता नऊलाच यायचे, मागच्या खोलीत थांबायचे आणि ते गेले की उपसून काढायचे. मधल्या वेळात वाक्यं जुळवायचे. इंग्रजीत ती छान जुळायची. मराठीत पहिल्याच शब्दाला अडायची. मासे कणीक खात नाहीत, असं म्हटलं तर त्याचा अर्थ सत्तावीस दिवस गेले, असा होतो. मग अठ्ठावीस. मग एकोणतीस. मी जितकी गप्प राहत होते तितके ते दिवस वाढत होते. आणि पप्पांना सांगावं तर पप्पा आधी हसणार, मग चिडणार, आणि ते सगळं पेशंटसमोर होणार. मामांनी कधी कुणासमोर मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती.

गुरुवारी दुपारी मामांची लेक आली. तिच्या घरी पत्रा फार तापायचा, म्हणून ती दुपारची कधीकधी वेटिंगच्या पंख्याखाली येऊन बसायची. टाकीबद्दल खरे प्रश्न विचारणारी तीच एक होती. बाकीचे विचारायचे, केवढ्याला आणली. ती विचारायची, “हा खेकडा शंख बदलतो तवा मधे उघडा असतो का? भ्या वाटत असंल की त्याला.”

त्या दिवशी ती पोटावर हात ठेवून काचेजवळ बसली. एक टर्बो गोगलगाय काचेवरून वर चढत होती, तिचं तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं.

“ही बगा की, दमतच न्हाय. चोवीस तास चरायलीय. माझ्या सासूबाईंना दाखवायला पायजे, म्हणतील हिला सून करून आणा.” ती हसली. मामांना ती अण्णा म्हणायची. मग आवाज बारीक करून म्हणाली, “अण्णा सांगत होते, मासे लई आवडीनं खातेत म्हणून. खातेत का खरंच?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वर-खाली.

“बरं वाटलं,” ती म्हणाली. “मला ह्याच्यातलं काय पटत न्हाय बगा. पण अण्णांना झोप तरी लागती आता.”

त्यानंतर मला दवाखान्यात बसवेना. घरी गेले तर घरी बसवेना. मी परत आले, काच पुसली, पाणी तपासलं, रंग बघितला, घासून स्वच्छ असलेली नळी पुन्हा घासली. आणि मग मी नेहमीचंच केलं. तोंड उघडण्याऐवजी आणखी गोगलगायी मागवल्या.

शुक्रवारी दुपारी त्या आल्या. पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या हायवेवरच्या धाब्यावर चहाला थांबतात. तिथून खोका उतरवून घ्यायचा असतो. मी स्कूटी सावलीला लावून तासभर उभी होते. ऊन इतकं की डांबर चकाकत होतं. क्लीनरनं थर्माकोलचा खोका हातभर लांब धरून आणला.

“मॅडम, काय हाय ह्याच्यात? निम्मी बस नाकाला रुमाल लावून बसलीय.”

“गोगलगायी.”

“खायच्या?”

मी खोका त्याच्या हातातून घेतला.

“न्हाय म्हणलं, कुठं कुठं खातेत म्हणे,” तो म्हणाला आणि सही घेऊन पळाला.

दहापैकी तीन मेल्या होत्या. उरलेल्या सातांसाठी मी पुन्हा बादली मांडली, पुन्हा थेंब सोडले. दोन तास. टाकीत सोडल्यावर त्या हळूहळू पाय पसरून दगडावर चढल्या आणि कामाला लागल्या. मी स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होते. एवढी सगळी मुकी जनावरं मी या टाकीत आणून सोडली होती, आणि त्यांच्याकडून जे काम करून घ्यायचा माझा प्रयत्न चालला होता ते त्यांचं नव्हतंच. पप्पा हात पुसत बाहेर आले. त्यांनी काचेकडे पाहिलं.

“थोडं बरं दिसतंय,” ते म्हणाले. “पण बघ, तो माणूस रविवारी येतोच म्हणालाय. त्याला एक फोन करून टाकी रिकामी ठेवू का विचारतो.” मग जरा थांबून, “तुलाही मोकळं होता येईल. पुढचं काही बघता येईल.”

शनिवारी सकाळी मी पावणेनऊलाच मागच्या खोलीत होते. एक वाक्य मी पाठ केलं होतं. मामा डबी उघडायच्या आत बाहेर जायचं आणि ते म्हणायचं. मामांनी उदबत्ती लावली. चपला काढल्या. डबी उघडली. मी दाराच्या कडीला हात लावून उभी होते, आणि पुढचं दार उघडून पप्पा आत आले.

ते एरवी साडेदहाच्या आधी येत नाहीत. अणदूरच्या एका म्हाताऱ्याची दाढ रात्रभर ठणकत होती, त्याच्या मुलानं फोन केला होता. म्हातारा, मुलगा आणि सून पप्पांच्या पाठोपाठच आत आले. पप्पांनी मामांच्या बोटांत गोळी पाहिली. ती सुटून पाण्यात पडताना पाहिली.

“मामा, काय टाकताय ते?”

मामांनी डबीचं झाकण लावलं. लागलं नाही, परत लावलं.

“कणीक आहे ही? रोज टाकता?” पप्पा टाकीजवळ गेले, वाकून दगडामागं पाहिलं. “म्हणून हे सगळं सडायलंय व्हय! अहो, पोरगी इथं महिनाभर मरमर मरतेय, पार्सलावर पार्सल मागवतेय, आणि तुम्ही रोज सकाळी पीठ घालताय? समुद्राचे मासे आहेत ते, दारातली गाय न्हाय पोळी घालायला. कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

अणदूरचा म्हातारा गाल धरून बाकावर बसला होता. तो दाढ विसरून बघत होता. त्याची सून पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघू लागली.

मामांनी टाकीच्या आरपार माझ्याकडे पाहिलं. मी तिथं आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. एक डोळा तर अधूच. मग त्यांनी मान खाली घातली.

“कुणी न्हाय, साहेब. मीच. चुकलं.”

“किती दिवस चाललंय?”

“चुकलं म्हणलं ना, साहेब.” त्यांनी डबी सदऱ्याच्या खिशात कोंबली. ती खिशात मावत नव्हती. “आजपासून बंद.”

तीस दिवस झाले होते. आज बंद म्हणजे काय, ते तिथं फक्त आम्हा दोघांना कळत होतं. घरी त्यांची लेक वाट बघत असेल, आज मासे आले का खायला हे ऐकायला.

मी कडी काढली आणि बाहेर आले. माझं पाठ केलेलं वाक्य कधीच गेलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हातारासुद्धा. माझ्या कानांत मोटरीची घुरघुर भरली होती. मी टाकीच्या कडेला हात टेकवला, कारण तो कुठंतरी टेकवायला हवा होता, आणि मग मी बोलले. एवढं मोठ्यानं की म्हाताऱ्याच्या सुनेनं वळून पाहिलं.

“पप्पा, त्यांना मी सांगितलं होतं. मासे सगळं खातात असं मीच म्हणाले होते, चूक माझी आहे. बुधवारपासून मला माहीत होतं आणि तरी मी बोलले नाही. त्या सोलापूरच्या माणसाला नको म्हणून सांगा, कणीक थांबली की महिन्याभरात गोगलगायी हे साफ करतील. आणि मामा, तुम्ही बंद करू नका. हे मासे कणीक खात नाहीत, त्यांनी एकदाही खाल्ली नाही; खेकड्यांनी खाल्ली, तेही जीवच आहेत, तेव्हा तुमचे दिवस मोडलेले नाहीत. नळदुर्गच्या धरणात अजून पाणी आहे, तिथले मासे कणीक खातात. तुम्ही डबी घ्या, मी गाडी काढते. आज, आत्ता. आणि उद्यापासून रोज सहाला तयार राहा.”